पेट्रोल संपणार म्हणे! जानेवारी २०२४ : नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, बेदरकार गाडी चालवून कोणाचा जीव घेतला आणि न कळवता पळाला, तर त्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४अ मध्ये २ वर्षांपर्यंत होती. म्हणून १ जानेवारीला ट्रक-टँकरवाल्यांनी चाकं थांबवली आणि बघता बघता अख्खं नागपूर पंपावर! छत्रपती चौकाकडून येताना वर्धा रोडवर पंपाची रांग कुठे संपते आणि ट्रॅफिक जाम कुठे सुरू होतो, तेच कळत नव्हतं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. भांडणं नंतर.

मानेवाडा, तेव्हा पंपावर कामाला
मी नोझलवर होतो. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे ‘भाऊ, शंभरचं टाका’. तेव्हा भाव १०६ च्या आसपास, म्हणजे लिटरभरही नाही. त्या दिवशी तोच माणूस म्हणे ‘फुल करा’. अ‍ॅक्टिव्हात पाच लिटर बसते. आता तुम्हीच हिशोब करा ना बाप्पा, जो तो पाचपट घेऊन रायला तं जमिनीतली टाकी किती वेळ पुरन? पंपावर महिन्याचा साठा थोडीच असते, टँकर येत राहिला तं पंप चालते.

लोक म्हणे, माल लपवला. एक काका तं अडूनच बसले, टाकीत मापाचा रॉड टाकून दाखवा. दाखवला. ओल्या खुणेवर बोट ठेवून म्हणतात कसे, ‘हे काय, आहे ना अजून!’ अहो, तळचं ते थोडंसं मशीन ओढतच नाही. प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आलेले वेगळेच. बाटलीत देता येत नाही म्हटलं की शिव्या. शेवटी मालकानं २०० च्या वर कोणालाच नाही अशी पाटी लावली, तेव्हा कुठं रांग सरकली.

सक्करदरा
मी जेवण पोचवायचं काम करतो. आजच्या कमाईतून उद्याचं पेट्रोल. माझ्या पुढे एक साहेब कार भरून गेले आणि थोड्या वेळानं स्कूटर घेऊन परत! आमच्यासारख्यांनी टाकी रिकामी असताना उभं राहायचं आणि यांनी भरलेली असताना. त्या रात्री ऑर्डर भरपूर होत्या, मी फोन बंद करून झोपलो.

धरमपेठ
आमच्या ग्रुपवर ‘७ लाख दंड’ फिरत होतं. कलम १०६(२) काढून वाचलं. दंड आहे, पण रकमेचा आकडाच नाही. अपघातानंतर लवकर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवलं तर १० वर्षांचा हा भाग लागतही नाही. हे ग्रुपवर टाकलं, कोणी बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात रविनगरच्या पंपाचा व्हिडिओ आला, सगळे तिकडे पळाले.

वाडी, ट्रकचालक
धरमपेठवाल्या ताई, वाचायला सोपं आहे. अपघात झाला की चूक कोणाची ते कोणी विचारत नाही, मोठ्या गाडीवाल्याला आधी केबिनमधून खेचते. तिथं थांबून फोन लावू का जीव वाचवू? कळमन्याची संत्री भरलेली गाडी मी सोडून बसलो, ते काय हौस म्हणून? माल नासला, भाडं गेलं. तुम्ही सगळे रांगेचंच सांगून रायले.

धरमपेठ
दादा, पटलं. पण थोडं पुढे जाऊन ठाण्यात कळवलं तरी चालतं, एवढंच म्हणायचं होतं. हे तुम्हा लोकांना आधी कोणी सांगितलंच नाही, ही खरी चीड.

*(धागाकर्ता: २ तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली, चर्चेशिवाय कलम लागू करणार नाही असं ठरलं. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, १०६(२) मात्र तेव्हा बाजूला ठेवलं.)*

मानेवाडा, पंपवाला पुन्हा
एक सांगायचं राहिलं. टँकर सुरू झाले, पंप काठोकाठ भरला आणि गिऱ्हाईकच नाही! सगळ्यांच्या टाक्या फुल. मालक म्हणे, आठवड्याचा धंदा एका रात्रीत झाला, आता बसा माश्या मारत.