स्ट्रिप मारून मोकळं व्हायचं? डीबग माहितीवरचा वाद

उद्यमबागकर: काल इथं एकानं लिहिलं, "डॅश-जी लावलं की प्रोग्राम मेमरी खातोय, हळू पळतोय. डिलिव्हरीआधी स्ट्रिप मारा." चूक आहे हे. डॅश-जी म्हणजे कंपायलरला डीबग माहिती (मशीन कोड कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीचा, व्हेरिएबल कुठं, याची नोंद) प्रोग्रामच्या फाईलमध्ये घालायला सांगणं; स्ट्रिप ही ती काढून टाकणारी कमांड. रीडएल्फ कमांडनं फाईलमधल्या सेक्शनांची, म्हणजे भागांची, यादी काढा. डीबग_इन्फो, डीबग_लाइन, डीबग_स्ट्र यांच्या फ्लॅगच्या रकान्यात 'ए' (मेमरीत जागा द्या ही खूण) नसतो, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारा लोडर त्यांना मेमरीत घेतच नाही. जागा जाते ती डिस्कवर. जीसीसी कंपायलरमध्ये डॅश-जीमुळं मशीन कोडही बदलत नाही.

निपाणीकर: मीच लिहिलं होतं ते. मेमरीचं राहू द्या, पण फाईल दहापट फुगते त्याचं काय? आणि ओ-2 नं (कोड वेगवान करायची कंपायलरची सेटिंग) बिल्ड केल्यावर जीडीबी हा डीबगर निम्म्या व्हेरिएबलना 'ऑप्टिमाइज्ड आउट' म्हणतंय. काय उपयोग ओ?

उद्यमबागकर: फुगते, कारण सी++ मध्ये एकाच हेडरमधले टाइप प्रत्येक कंपाइल युनिटमध्ये (एकेका सोर्स फाईलमध्ये) पुन्हा लिहिले जातात. 'ऑप्टिमाइज्ड आउट' म्हणजे त्या पत्त्यावर ती किंमत कुठल्याच रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर उरलेली नाही. पण कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीवर कोसळलं, ते डीबग_लाइन सांगतंच की.

खानापूरकर: इथं कंट्रोलर चिपची फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) 64 केबी आणि एल्फ फाईल (बिल्डमधून निघणारी, डीबग माहितीसकट) 2 एमबी. हे बसवायचं कुठं?

उद्यमबागकर: अहो दादा, एल्फ फ्लॅशमध्ये जात नाही! साइझ कमांड चालवा. टेक्स्ट (कोड) अधिक डेटा (सुरुवातीची किंमत दिलेले व्हेरिएबल) तेवढं फ्लॅशमध्ये, डेटा अधिक बीएसएस (शून्यापासून सुरू होणारे व्हेरिएबल) रॅममध्ये. ऑब्जकॉपी कमांडनं हेक्स (चिपमध्ये भरायची फाईल) काढली की डीबग सेक्शन आपोआप गळतात.

खानापूरकर: मग पोरं एल्फ पुसून फक्त हेक्स जपतात ते?

उद्यमबागकर: तिथंच घात होतो. वर्कशॉपमधलं मशीन अडकलं की हातात नुसता कोडमधला पत्ता येतो. तो अ‍ॅडर2लाइनला (पत्त्यावरून फाईल आणि ओळ सांगणारी कमांड) द्यायला त्याच बिल्डची एल्फ लागते. पुन्हा बिल्ड करताना कंपायलरची आवृत्ती बदललेली असली की पत्ते सरकतात.

निपाणीकर: स्ट्रिपनंतरही बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुणी बोलावलं ती साखळी) मिळतोय की. त्यासाठी लागणारं ईएच_फ्रेम सेक्शन उरतंच.

उद्यमबागकर: उरतं, कारण सी++ च्या एक्सेप्शनला ते पळताना लागतं. पण त्यातून फक्त पत्ते मिळतात. फंक्शनांची नावं सिमटॅबमध्ये (नावांचा तक्ता), आणि साधी स्ट्रिप तोच उडवते. क्रम असा ठेवा: आधी ऑब्जकॉपी ओन्ली-कीप-डीबग देऊन वेगळी फाईल काढा, मग मूळ फाईलवर स्ट्रिप-डीबग, शेवटी अ‍ॅड-जीएनयू-डीबगलिंक, म्हणजे मूळ फाईलमध्ये त्या वेगळ्या फाईलची नोंद. आधीच स्ट्रिप केली तर वेगळी काढायला काही उरतच नाही.

चिकोडीकर: फाईलींच्या रस्त्यांचं (पाथ) कुणी बोलतच नाही! डीबग_इन्फोमध्ये बिल्डच्या फोल्डरचा अख्खा रस्ता असतो. युजरचं नाव, ग्राहकाचं नाव, सगळं उघडं. स्ट्रिंग्ज कमांडनं कुणीही वाचेल.

उद्यमबागकर: हे मात्र खरं. कंपायलरला एफ-डीबग-प्रीफिक्स-मॅप लावून रस्ता बदलता येतो.

निपाणीकर: बरं, ग्राहकाला स्ट्रिप केलेली द्यायची हे माझं म्हणणं कायम. डीबग फाईल आपल्याकडं ठेवायची, एवढं मान्य.

उद्यमबागकर: बिल्ड-आयडीनं (बिल्डच्या फाईलमध्ये असलेली ओळखखूण) ठेवा. त्याची पहिली दोन अक्षरं फोल्डरचं नाव, उरलेली फाईलचं. आयडी जुळला नाही तर ती फाईल त्या कोअर डम्पला (प्रोग्राम कोसळताना जपलेली मेमरी) लावू नका, ओळी चुकीच्या दिसतील.