शब्दचर्चा: 'संथ', 'रटाळ', 'नाटकी', 'बटबटीत'. गंभीर सिनेमाबद्दल बोलताना कुठला शब्द कुठे? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची ऑनलाइन चर्चा)

शेवटची रांग: कलात्मक सिनेमावर मत देताना 'संथ', 'रटाळ' आणि 'कंटाळवाणा' हे तिन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. 'नाट्यमय' आणि 'नाटकी'चीही तीच गत. यांत खरंच फरक आहे का? असेल तर तो पडद्यावर बोट ठेवून दाखवता येईल का?

काना-मात्रा: फरक आहे आणि तो पाळायला हवा. 'संथ' हे गतीचं वर्णन. नदी संथ वाहते, लय संथ असते, त्याला कुणी नावं ठेवत नाही. 'रटाळ' हा मात्र निकाल आहे. हा शब्द ऐकला की 'रट लावणे' आठवतं, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा. त्यामुळे भराभर शॉट बदलणारा सिनेमाही रटाळ असू शकतो: पात्र पाच प्रसंगांत तेच दुःख त्याच शब्दांत सांगत असेल, तर वेग काही उपयोगाचा नाही. 'कंटाळवाणा' हा शब्द सिनेमापेक्षा बघणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. तो वापरायचाच तर आधी 'मला' लावावा.

संकलन टेबल: पडद्यावर नक्की दाखवता येतो. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) धरल्या तर 20 सेकंदांच्या शॉटमध्ये 480 चौकटी होतात. घड्याळ लावून बघा, दहाव्या सेकंदानंतर काही नवं येतं का? नवं म्हणजे हालचालच हवी असं नाही. चौकटीबाहेरचा आवाज, बदललेला उजेड, पात्राची नजर खाली जाणं, हेही नवंच. 'कोर्ट'मध्ये (2014) शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात आणि दिवे बंद होत जातात. कॅमेरा जागचा हलत नाही. आरोपी तुरुंगात आहे आणि इथे अंधार झालाय, हे त्या थांबण्यातूनच पोचतं. तो शॉट लवकर कापला तर उरेल फक्त 'कोर्ट बंद झालं' एवढी माहिती. याला संथ म्हणायचं, रटाळ नाही.

एक सूचना: 1.5 पट वेगाने बघून गतीवर मत देऊ नये, कारण संवाद कळतात पण मधली शांतता मोडते. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू असेल तर ती आधी बंद करावी. त्यात टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच तयार करून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो.

शेवटची रांग: आणि 'नाट्यमय'?

काना-मात्रा: तो शब्द बातम्यांनी झिजवला. 'नाट्यमय घडामोडी' म्हणजे अचानक उलटापालट. म्हणून 'ड्रामा' या प्रकाराला 'नाट्यमय चित्रपट' म्हटलं की वाचक धक्क्यांची वाट बघत बसतो. त्यापेक्षा 'या प्रसंगात नाट्य आहे' असं लिहावं. 'श्वास'मध्ये ऑपरेशननंतर नातवाची दृष्टी जाणार असते आणि आजोबा त्याला आधी हॉस्पिटलबाहेर नेऊन शहर दाखवतात. साधं फिरणंच, पण आपल्याला पुढचं माहीत असल्याने त्यात नाट्य भरलेलं आहे. याच प्रसंगात आजोबांनी हंबरडा फोडून भाषण केलं असतं तर तो 'नाटकी' झाला असता. 'नाटकी'त खोटेपणा गृहीत आहे. रंगमंचावरच्या चांगल्या नटालाही आपण 'नाटकी' म्हणत नाही.

संकलन टेबल: इथे 'बटबटीत' हा फार कामाचा शब्द आहे आणि तो 'भडक'पासून वेगळा ठेवायला हवा. 'भडक' हा मात्रेचा दोष: रंग जास्त, आवाज जास्त. 'बटबटीत' आपण डोळ्यांबद्दल म्हणतो, बाहेर आलेले. जे आत राहायला हवं होतं ते बाहेर येऊन आपल्याकडे बघतंय. पात्राचे डोळे भरलेत, तेवढ्याने कळलंय, तरी वर व्हायोलिन, मग जवळचा शॉट, मग दुसऱ्या पात्राच्या तोंडी 'तू रडतोयस?' आवाज हळू असला तरी हे बटबटीतच. गंभीर सिनेमेही यातून सुटत नाहीत. अर्थ कळावा म्हणून पिंजऱ्यातला पक्षी तीनदा दाखवणं हा त्याच जातीचा दोष.

तिकीटखिडकी: 'अंगावर येतो' हा शब्दप्रयोग चुकीचा वाटतो. कुत्रं अंगावर येतं, सिनेमा कसा येईल?

काना-मात्रा: चुकीचा नाही, पण स्वस्त झालाय. नुसत्या मोठ्या आवाजाला 'अंगावर येतो' म्हणू नये. प्रेक्षकाची सुरक्षित जागा हिरावली जाते तेव्हाच तो शोभतो. 'फँड्री'च्या शेवटी जब्या, म्हणजे सिनेमाचा नायक मुलगा, दगड थेट कॅमेऱ्याकडे भिरकावतो आणि पडदा काळा होतो. तोवर बघ्यांची गर्दी पडद्यावर होती, आता दगडासमोर आपण आहोत. इथे शब्द अक्षरशः खरा ठरतो.

'समांतर सिनेमा' या शब्दाबद्दल थोडक्यात: तो प्रवाहाचा शब्द आहे, गुणवत्तेचा नाही. 'भुवन शोम'ला (1969) सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा पैसा होता, धंदेवाईक निर्मात्याचा नव्हे. ते समांतरपण. म्हणून एखादा सिनेमा समांतर असूनही सुमार असू शकतो.

शेवटची रांग: मग 'संथ पण चांगला' हे लिहिणं बरोबर का?

काना-मात्रा: 'पण' काढा. तो आला की संथपणा दोष ठरतो. 'संथ आणि नेमका' लिहा, आणि नेमका कुठे, तो एक शॉट सांगा.