व्यसनाच्या धोरणात पोरांना खुर्ची, की नुसता फलक?

कट्टेकरी: दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आमच्या कॉलेजची पोरं पावसात फलक धरून उभी. फोटो निघाला, वडापाव मिळाला, संपलं. जिल्ह्यात अमली पदार्थ रोखायला कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली एनकॉर्ड समिती बसते. पेपरातल्या तिच्या फोटोंत मला विशी-बाविशीतलं कुणी दिसलेलं नाही. तिथं पोरांना दोन जागा द्या, त्यातली एक व्यसनातून बाहेर आलेल्याला.

मावळतीकर: धोरण म्हणजे गॅदरिंग नव्हे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, २०१५ साली एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. २ ग्रॅम अल्प प्रमाण, ५० ग्रॅम व्यावसायिक. हे ठरवायला रसायन नि कायदा कळावा लागतो. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यात कुरकुंभच्या कारखान्यात शेकडो किलो सापडलं, ते या पोरांच्या सूचनांनी थांबलं असतं?

कट्टेकरी: कारखाना पोलिसांनीच शोधावा. मी २ ग्रॅमवाल्याबद्दल बोलतोय. आमच्या होस्टेलवर एकाची छाती पहाटे धडधडायला लागली. रूममेट दोन तास दवाखान्यात नेईनात, पोलीस केस होईल म्हणून. दोन तास! कुठल्या इतिवृत्तात येणार हे?

काळाकोट: याच कायद्याचं कलम ६४अ बघा. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. पण शब्द ‘व्यसनी’ आहे. पार्टीत पहिल्यांदाच घेतलेला पोरगा त्यात बसतो का, यावर कोर्टात भांडावं लागेल.

मावळतीकर: बघा, सूट आहेच. मग पोरांना कायदा शिकवा, खुर्ची कशाला?

दोन_पोरांची_आई: मी वेगळ्या कारणानं विरोधात. समोर एसपी बसलेले, पहिला प्रश्न येणार ‘माल कुठून मिळतो?’ खबऱ्या म्हणून शिक्का बसला की त्या पोराला राहत्या गल्लीत फिरता येईल? शिवाय नोकरी, लग्न. आपला मुलगा पाठवाल का तुम्ही?

कट्टेकरी: ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. नाही पाठवणार. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथं बरे झालेलेच पुढे इतरांना सावरायला थांबतात. अशा केंद्रांनी नावं गाळून मुलांचं म्हणणं समितीपुढे ठेवावं. दुसरी जागा मात्र मी सोडत नाही.

मावळतीकर: म्हणजे एक खुर्ची गेली, चिठ्ठी आली. मग कॉलेजात पेटीच लावा की.

कट्टेकरी: पेटी आहे, रॅगिंगच्या तक्रारींची. किल्ली कुणाकडे असते ते उद्या शिपाईमामांना विचारून सांगतो.