मदत हवी आहे: प्री-मेडसाठी रटगर्स की जॉन्स हॉपकिन्स?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेकीला दोन्ही विद्यापीठांत प्री-मेडसाठी, म्हणजे मेडिकलला जाण्याआधीच्या पदवीसाठी, प्रवेश मिळालाय आणि १ मेच्या आत कळवायचंय. दोन्ही पत्रं फ्रिजवर लावलीत. ती रोज येताजाता त्यांची जागा बदलते!

रटगर्स घराजवळ, राज्यातल्यांना फी कमी, मेडिकल कॉलेजही न्यू ब्रन्सविकमध्येच. हॉपकिन्सचं नाव मोठं, संशोधनाची संधी दांडगी, पण वर्गात सगळेच हुशार. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत घसरली तर जीपीए (सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी) सावरणं अवघड, आणि पुढे मेडिकलला जीपीए आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दोन्ही बघतात. शिवाय मेडिकलची चार वर्षं पुढे आहेतच. सगळे पैसे आत्ताच संपवायचे का? माझा कल रटगर्सकडे आहे, हे लपवत नाही. सांगलीहून आई विचारते, "बारावीनंतर थेट डॉक्टर का नाही होत गं तुमच्याकडे?" काय सांगू!

ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा: प्री-मेडचे सल्लागार खरंच वेळ देतात का? हॉस्पिटलमध्ये शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम बघणं, कुठे सहज मिळालं? आणि मध्येच मेडिकलचा विचार सोडला, तर कुठली पदवी जास्त कामी आली?