मदत हवी आहे: सकाळी सुजलेल्या चेहऱ्यासाठी ग्वाशा (चेहऱ्यावर फिरवायचा चपटा दगड) की काशाची वाटी?

मैत्रिणींनो, सकाळी उठले की डोळ्यांखाली पिशव्या आणि गाल फुगलेले. रात्री पापड-लोणचं झालं की हमखास! दहा-अकरापर्यंत आपोआप उतरतं, पण माझी ऑनलाइन मीटिंग नऊची. थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या नॉर्मल आल्यात. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, उशी थोडी उंच घ्या. उशी घेतली, मिठाचं बघू.

बहिणीने जेड रोलर, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचा दगडाचा छोटा रोलर, दिलाय. फ्रीजमध्ये ठेवून फिरवते, गार वाटतं, पण फरक रोलरचा की नुसत्या गारव्याचा? गार चमच्यानेही तेवढंच होतं! ग्वाशाचा दगडही आणला. हात हलका ठेवून नाकाकडून कानाकडे आणि मग मानेवरून खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत, असं शिकले. मी जोर लावला आणि गालावर लाल वळ घेऊन मीटिंगला बसले.

आता सासूबाई म्हणतात, तळपायाला घासतो ती काशाची वाटी वापर. पण तुपाने पाय काळे होतात, तसा चेहरा झाला तर? कोणी चेहऱ्यावर वापरलीये का? तेल कोणतं, किती मिनिटं? आणि मानेपासून सुरुवात करायची की चेहऱ्यापासून?