हसायचे कोणाला? खऱ्या-खोट्या चित्रावरचे एक नाटक आणि आपल्या छोट्या नाट्यसंस्था

विंगेतला (नौपाडा, ठाणे)

ठाण्यातील एका छोट्या नाट्यसंस्थेने एका अमेरिकी विनोदी नाटकाच्या मराठी रूपांतराचे वाचन मोजक्या निमंत्रितांसमोर केले. मूळ नाटक स्टीफन सॅक्स यांचे ‘बेकर्सफील्ड मिस्ट’. ते २०११ साली लॉस एंजेलिसच्या फाउंटन थिएटर या लहानशा नाट्यगृहात प्रथम झाले आणि २०१४ मध्ये लंडनच्या वेस्ट एंड या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात पोहोचले. पात्रे दोनच: काम सुटलेली, ट्रेलरमध्ये म्हणजे चाकांवरच्या स्वस्त घरात राहणारी मॉड आणि न्यूयॉर्कहून आलेला कलातज्ज्ञ लायोनेल. जुन्या वस्तूंच्या दुकानातून कवडीमोलाने आणलेले आपले चित्र प्रसिद्ध अमेरिकी अमूर्त चित्रकार जॅक्सन पोलॉकचे आहे, असा तिचा दावा आहे आणि तो तपासण्यासाठी हा गृहस्थ तिच्या दारी आला आहे. रूपांतरात ट्रेलरच्या जागी कळव्याची चाळ आली आहे, तज्ज्ञ मुंबईतील कलादालनांच्या काळा घोडा भागातून येतो आणि पोलॉकच्या जागी भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची योजना केली आहे.

वाचन चांगले झाले आणि दोघेही नट तयारीचे आहेत, त्यामुळे त्याविषयी तक्रार नाही. माझा आक्षेप हशाच्या जागांना आहे. बाई ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ हा शब्द अडखळत उच्चारते, तेव्हा हशा होतो. ती पदराने बशी पुसून तज्ज्ञासमोर पोहे ठेवते, तेव्हाही हशा होतो. मात्र तोच तज्ज्ञ चित्रासमोर उभा राहून एक अगम्य, लांबलचक वाक्य बोलतो तेव्हा सगळे गंभीर होतात, जणू त्याने काही सांगितलेच आहे. दिवाणखान्यात घडणाऱ्या आपल्या नाटकांनी गड्याच्या आणि मोलकरणीच्या बोलीवर हसण्याची जी सवय प्रेक्षकाला लावली, तीच येथे आयती वापरली गेली आहे आणि त्यामुळे वर्गभेदावरचे नाटक वर्गभेदाच्याच जोरावर टाळ्या घेऊ लागले आहे.

छोट्या संस्थांनी हे नाटक अवश्य करावे, असे माझे मत आहे. पण ते अशा रीतीने करावे की खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःच्या हसण्याची थोडी लाज वाटावी. त्यासाठी बाईची भाषा साधी, तुमच्या-आमच्यासारखी ठेवावी, तज्ज्ञाच्या भाषेतील पोकळपणा उघडा पाडावा आणि चित्राची पाठच सतत प्रेक्षकांकडे असावी. चित्र दिसले की प्रत्येक जण मनात निकाल देऊन मोकळा होतो.

खाडीपलीकडची (कोपरखैरणे)

आपल्या निरीक्षणाबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. तज्ज्ञाला पोकळ ठरवणे हा या विषयातला सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तो प्रेक्षकांना आवडणाराही आहे, कारण आधुनिक चित्रे कळत नसल्याचा न्यूनगंड त्यामुळे एका फटक्यात धुतला जातो. ‘असले तर माझा नातूसुद्धा काढेल’ असे म्हणणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला आपले नाटक नैतिक आधार देणार असेल, तर त्यात गरिबाची बाजू कोठे आली?

खोट्या चित्रांचा धंदा आपल्याकडे लहान नाही. २००९ साली दिल्लीत सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्याला रझा स्वतः गेले आणि भिंतीवर टांगलेली बरीच चित्रे आपली नव्हेतच, असे त्यांना सांगावे लागले. चित्रकार हयात होता म्हणून ते उघडकीस आले. २०११ मध्ये कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या नावाने मांडलेल्या चित्रांवरून असाच वाद न्यायालयापर्यंत गेला. अशा बाजारात ‘नाही, हे खरे नाही’ असे तोंडावर सांगणारा माणूस अहंमन्य असेल, तरी आवश्यक असतो.

ज्या सत्य घटनेवरून हे नाटक सुचले, तिच्यातही तज्ज्ञ चुकलाच असे कोणी सिद्ध केलेले नाही. टेरी हॉर्टन या निवृत्त ट्रकचालक बाईंनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे जुन्या वस्तूंच्या दुकानातून ५ डॉलरला ते चित्र घेतले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाचे माजी संचालक टॉमस होव्हिंग यांनी ते साफ नाकारले. पुढे पीटर पॉल बिरो या तपासनिसाने पोलॉकच्या स्टुडिओतील रंगाच्या डब्यावरील बोटाच्या ठशाशी चित्रावरचा ठसा जुळतो, असे सांगितले आणि बाईंची बाजू विज्ञानाने उचलून धरल्यासारखे वाटले. पण २०१० मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने त्याच बिरोंच्या कार्यपद्धतीवर गंभीर शंका उपस्थित करणारा दीर्घ लेख छापला. हे सगळे वगळून बाई म्हणजे निरागस आणि तज्ज्ञ म्हणजे ढोंगी, असे चित्र रंगवणे ही सुद्धा एक प्रकारची नक्कलच आहे.

विंगेतला

ताई, तज्ज्ञ नकोत असे मी म्हटलेले नाही. त्यांची नजर कोणासमोर तीक्ष्ण होते आणि कोणासमोर मऊ पडते, एवढाच माझा प्रश्न आहे. न्यूयॉर्कमधील नोडलर ही दीडशेहून अधिक वर्षे जुनी गॅलरी २०११ मध्ये बंद झाली. पोलॉक, रॉथको अशा चित्रकारांच्या नावावर तेथून वर्षानुवर्षे विकली गेलेली चित्रे क्वीन्समधील एका चिनी स्थलांतरित चित्रकाराने आपल्या घरी रंगवलेली होती, हे नंतर उघड झाले. त्या साऱ्या प्रकरणात सुमारे ८ कोटी डॉलरचा व्यवहार झाला आणि रंगवणाऱ्याच्या हाती चित्रामागे काही हजार डॉलर पडले. १ कोटी ७० लाख डॉलरला विकल्या गेलेल्या एका ‘पोलॉक’मध्ये चित्रकाराच्या हयातीत उपलब्धच नसलेला रंग सापडला, दुसऱ्या एका चित्रावर तर सहीतल्या ‘पोलॉक’ या नावाचे स्पेलिंगच चुकलेले होते! त्या चित्रांच्याही आधीच्या मालकांचा पत्ता धड लागत नव्हता. पण भिंत श्रीमंत होती, म्हणून अनेक जाणकारांनी माना डोलावल्या. ट्रेलरमधल्या बाईकडे मात्र पहिल्याच मिनिटाला आधीच्या मालकीचे कागद मागितले गेले.

प्रेक्षकाला हसवायचेच असेल, तर तज्ज्ञाच्या तोंडी नोडलरचा उल्लेख घालावा आणि त्याला त्यावर खुलासा करायला लावावा. तेथे हसू येईल, आणि ते योग्य माणसावर येईल.

तिसरी रांग (वाशी)

दोघांच्याही वादात मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे. हे रूपांतर मुळातच का करायचे? पोलॉकने जमिनीवर कॅनव्हास पसरून त्यावर रंग शिंपडला, ओघळवला. ते पाहून ‘हे कोणीही करील’ असे अडाण्याला आणि शहाण्याला सारखेच वाटते आणि नाटकाचा सगळा विनोद त्या वाटण्यावर उभा आहे. गायतोंडे यांचे चित्र तसे नाही. रोलरने आणि सुरीने थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, अशी त्यांची पद्धत होती आणि वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे करीत. असे चित्र कोणाच्या लक्षात न येता भंगारात जाईल आणि तेथून चाळीत येईल, हे प्रेक्षकाने मानायचे म्हणजे फारच झाले.

एक मात्र मान्य केले पाहिजे. गायतोंडे स्वतः गिरगावच्या चाळीत वाढलेले होते आणि डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. चाळीतल्या मुलाने काढलेले चित्र चाळीत परत येणे ही कल्पना मोहात पाडणारी आहे. लेखक त्याच मोहात पडला असावा.

खऱ्या-खोट्याचा प्रश्न मराठी घरात आणायचा असेल, तर राजा रविवर्मा यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रती, समोर आहेत. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती गरिबाच्या देव्हाऱ्यापासून सरदाराच्या दिवाणखान्यापर्यंत सर्वत्र लागल्या. त्या छापील लक्ष्मीला हळद-कुंकू वाहताना ‘मूळ चित्र कोठे आहे’ असे आमच्या आजीने कधी विचारले नाही. त्याच रविवर्म्यांच्या चित्रांना १९७९ मध्ये राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला, ती देशाबाहेर विकण्यास बंदी आली आणि आता तैलचित्र मूळ की नक्कल यावर कोट्यवधी रुपये अवलंबून असतात. मूळ प्रतीची चिंता ही तिजोरी असणाऱ्यांची चिंता आहे. हे दाखवणारे स्वतंत्र मराठी नाटक कोणी लिहीत का नाही? उसन्या ट्रेलरला चाळीचे पत्रे ठोकण्याची गरज काय?

बॅकस्टेज (डोंबिवली)

का करायचे, याचे उत्तर सोपे आहे. दोन पात्रे, एक नेपथ्य, मध्यंतराशिवाय चालणारा प्रयोग आणि एका टेम्पोत मावणारे सामान. छोट्या संस्थेला शनिवार-रविवारच्या तारखा गडकरी रंगायतनला मिळत नाहीत, त्या व्यावसायिक नाटकांकडे जातात. मग घाणेकर नाट्यगृहातील लहान सभागृह आठवड्याच्या मधल्या वारी घ्यायचे, नटांनी ‘नाईट’ म्हणजे प्रयोगाचे मानधन न घेता काम करायचे आणि प्रकाशयोजना करणाऱ्याला तेवढे मानधन द्यायचे, असा हिशेब असतो. स्वतंत्र मराठी नाटक लिहा म्हणणाऱ्यांनी आठ पात्रांची संहिता हातात ठेवू नये, एवढी विनंती आहे.

या चर्चेत कोणी न काढलेला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मूळ नाटककाराचे हक्क रीतसर घेतले आहेत काय? परदेशी नाटकावरून सर्रास उचलायचे, जाहिरातीत बारीक अक्षरांत ‘एका इंग्रजी कल्पनेवर आधारित’ असे छापायचे आणि मानधनाचा विषयच काढायचा नाही, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ते सगळे निमूटपणे घेतात. लेखकाची परवानगी मात्र कोणी दारात येऊन मागत नाही, म्हणून राहून जाते. चित्राची सही खरी की खोटी यावर दीड तास वाद घालणारे नाटक विनापरवाना झाले, तर त्याहून मोठा विनोद संहितेत सापडणार नाही.

विंगेतला

हक्कांसाठी पत्रव्यवहार सुरू आहे, असे संस्थेने वाचनाच्या वेळीच सांगितले होते. उत्तर येईपर्यंत तिकीट लावणार नाहीत.

चाळकरी (विटावा)

मी चाळीत राहतो आणि त्या वाचनाला हजर होतो. विंगेतले साहेब, बाईची भाषा ‘तुमच्या-आमच्यासारखी’ करा, हा आपला उपाय मला मुळीच पटला नाही. आमच्या शेजारच्या मावशी ज्या मराठीत बोलतात ती मराठी काढून घेतल्यावर त्यांना जो मान मिळेल, तो त्यांचा कसा? बोली राहू द्या. लोक हसतात, हसोत. खरी अडचण अशी आहे की त्या संहितेत बाईला बोली आहे, पण युक्तिवाद नाही. ती रडते, चिडते, पोहे देते, देवाची शपथ घेते. तज्ज्ञाला अडवणारा एकही प्रश्न ती विचारत नाही.

खाडीपलीकडच्या ताईंनी ज्या हॉर्टनबाईंचा उल्लेख केला, त्या अशा नव्हत्या. पोलॉक कोण हे ठाऊक नसलेल्या त्या बाईंनी पुढे अनेक वर्षे तपासनीस आणि कलाबाजारातील दलाल यांच्याशी झुंज घेतली आणि त्या बाजाराची रीत शिकून घेतली. त्या चित्रासाठी त्यांना आधी २० लाख आणि मग ९० लाख डॉलर देऊ केले गेले, तरी त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला, कारण चित्र अस्सल असेल तर ही किंमत फसवणुकीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही चित्राला कलाजगताने मान्यता दिलेली नव्हती. मला तर सगळ्या प्रकरणात हाच भाग नाट्यमय वाटतो. श्रीमंताने सौदा नाकारला की आपण त्याला तत्त्वनिष्ठ म्हणतो आणि गरिबाने नाकारला की त्याला वेड लागले म्हणतो. वाचनात हा प्रवेश दोन वाक्यांत उरकला होता आणि तेथेही मागच्या रांगेतून ‘घे ना बाई, फ्लॅट येईल’ असा आवाज आलाच.

खाडीपलीकडची

चाळकरी, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो विंगेतल्यांच्या मूळ लेखापेक्षा अधिक टोकदार आहे. पण नकाराचा गौरव करताना एवढे लक्षात असू द्या की चित्र खोटे असेल, तर त्या नकाराची किंमत तिच्या घरातल्यांनी मोजलेली असते. नाटकात तिला मुलगा किंवा सून नाही, म्हणून हा हिशेब कोणी मांडत नाही. विटाव्याच्या खोलीत ९० लाख डॉलर नाकारणारी बाई एकटी असूच शकत नाही. भाऊ, जाऊ, पतपेढीचा हप्ता, सगळे दारात उभे असणार.

बॅकस्टेज

दोनच पात्रे आहेत, ताई. जाऊ आणली तर टेम्पो मोठा करावा लागेल.

खाडीपलीकडची

तिला रंगमंचावर आणू नका, भिंतीपलीकडून तिचा आवाज येऊ द्या. चाळीची भिंत तेवढी पातळ असतेच. आणि तज्ज्ञाचे एक पाहा. नाटकवाल्यांनी त्याला हरवण्याच्या भरात लाचखाऊ करू नये. तो प्रामाणिक असावा, त्याने दिलेला नकार पूर्ण अभ्यासाने दिलेला असावा आणि तरीही तिच्या प्रश्नांपुढे त्याला घाम फुटावा. तो बदमाश निघाला, तर प्रेक्षक सुटले.

तिसरी रांग

आणि चित्र? त्याची पाठ प्रेक्षकांकडे ठेवायची, हे मला अजूनही अमान्य आहे. माणसाने पैसे देऊन तिकीट काढले आहे. बाईच्या डोळ्यांना जे दिसते ते त्यालाही दिसले पाहिजे. चित्र समोर असताना स्वतःचे मत न देता दीड तास बसून राहणे, ही त्याची खरी परीक्षा आहे. पाठ दाखवून आपण त्याला त्यातून सूट देत आहोत.

विंगेतला

चित्र दाखवायचे तर ते रंगवणार कोण, हाही प्रश्न आहे. चांगले रंगवले तर प्रेक्षक बाईच्या बाजूने जातील, वाईट रंगवले तर तज्ज्ञाच्या. दिग्दर्शकाने दोन्ही प्रकारे तालीम करून पाहावी, एवढे मी त्याला कळवतो. नकाराचा प्रवेश वाढवण्याविषयी मात्र आजच बोलतो, फक्त त्यासाठीही मूळ लेखकाची परवानगी लागेल.