'ओला दुष्काळ' हा शब्दप्रयोग चूक आहे का?

विचारणा (पुण्याहून)

मी बातम्यांचं भाषांतर करते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पूर आले, तेव्हा 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी रोजच्या बातमीत असायची. माझ्या वरिष्ठांनी तो शब्द प्रत्येक ठिकाणी खोडून 'अतिवृष्टी' केला. दुष्काळ म्हणजे पाणी नसणं, मग तो ओला कसा होईल, असं त्यांचं म्हणणं. मोर्च्यातला शब्द आहे, कोशातला नाही, असंही म्हणाले. मला पटलं नाही, पण उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (परांड्याहून)

ताई, तुमच्या वरिष्ठांनी शब्दाची फोड करून बघितली असती तर खोडला नसता. दुः + काल, म्हणजे वाईट काळ. सुकाळाच्या उलट तो दुष्काळ. यात पाऊस कुठेच नाही. पाऊस न पडण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, अवर्षण. खायला न मिळण्यालाही वेगळा आहे, दुर्भिक्ष. भिक्षासुद्धा मिळणं अवघड झालं ती वेळ. अवर्षण आभाळाकडे बघून म्हणायचं, दुर्भिक्ष ताटाकडे बघून. दुष्काळ म्हणताना माणूस आपल्या सगळ्या वर्षाकडे बघतो: पीक, चारा, सावकार, लेकीचं लग्न, सगळंच त्यात आलं.

जुन्या संस्कृत श्लोकात शेतीवरची सहा संकटं सांगितली आहेत, त्यांना ईति म्हणतात. त्यात अतिवृष्टी आणि अनावृष्टी शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत, पुढे उंदीर, टोळ, पोपट आणि शेजारचे राजे. ज्यांनी ती यादी केली त्यांना जास्त पाऊस आणि कमी पाऊस ही एकाच घरातली दोन संकटं वाटत होती.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. आमचं रान सीना नदीच्या काठाला. त्या सप्टेंबरात सोयाबीन काढणीला आलं होतं. पाणी उतरल्यावर रानात गेलो तर झाडं उभी होती, पण शेंगा काळ्या पडलेल्या. एक शेंग हातात फोडली. आत दाण्याला पांढरा कोंब फुटलेला, बोटभर लांब. दाणा शेंगेतच उगवला होता. पुढे बांधापासून खाली रानच नव्हतं, वरची काळी माती वाहून जाऊन मुरूम उघडा पडला होता. कडब्याची गंज कुजून वास सुटला होता. विहीर गाळाने भरली होती आणि आम्ही टँकरचं पाणी पीत होतो. चहूकडे पाणी, आणि प्यायला टँकर. याला दुष्काळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

'अतिवृष्टी' हे कारणाचं नाव आहे, 'ओला दुष्काळ' हे परिणामाचं. तुमच्या वरिष्ठांनी परिणाम खोडून कारण लिहिलं. पाऊस चार दिवसांत थांबतो, दुष्काळ पुढच्या खरिपापर्यंत चालतो.

प्रतिसाद (बंगळूरहून)

फोड पटली, पण शब्दाचा अर्थ वापराने ठरतो ना? आपण 'कामाचा दुष्काळ', 'पैशाचा दुष्काळ' म्हणतो. तिथे दुष्काळ म्हणजे सरळ कमतरता.

प्रतिसाद (परांड्याहून)

बरोबर, दादा. पण कशाची कमतरता ते आपण त्याच्या आधी सांगतोच: कामाचा, पैशाचा. नुसता 'दुष्काळ' म्हटलं की पाण्याचा, ही सवय आपल्याला अलीकडे लागली. आणि ओल्या दुष्काळातही धान्य, चारा, बियाणं, हातातला पैसा यांची कमतरता असतेच.

शिवाय 'ओला' हे विशेषण मराठीत काही नवीन काम करत नाही. ओला चारा आणि सुका चारा, ओलं खोबरं आणि सुकं खोबरं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. गावात म्हातारी माणसं विचारतात, "यंदा कोरडा का ओला?" पुढचा 'दुष्काळ' शब्द उच्चारावाही लागत नाही.

प्रतिसाद (निवृत्त मंडळ अधिकारी, जालन्याहून)

महसुलात नोकरी झाली, म्हणून सरकारी बाजूची भर घालतो. या शब्दावरून भांडण का होतं ते त्याशिवाय कळणार नाही.

इंग्रजीत उपासमारीला एक शब्द आणि अवर्षणाला दुसरा. मराठीत बोलताना दोन्हींना दुष्काळच. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी' घातला. आता राज्यात तशी वेळ येऊच दिली जाणार नाही, ही त्यामागची भूमिका. मराठी कागदावर स्कॅर्सिटीची झाली टंचाई. नऊ वर्षांत बहात्तर उजाडलं. आमच्या फायलींत टंचाई होती आणि खडी फोडणारे लोक 'दुष्काळी कामावर' होते. त्या वेळी खोदलेल्या तलावांना आजही कुणी टंचाईचा तलाव म्हणत नाही, बहात्तरच्या दुष्काळातला तलाव म्हणतात. कार्यालयात मात्र 'टंचाई' टिकली. जिल्हाधिकारी दरवर्षी करतात तो 'टंचाई आराखडा'च.

मग आला 'सदृश'. 'दुष्काळसदृश परिस्थिती' हा शब्द वर्षानुवर्षं वापरात होता. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना मे २०१६ मध्ये शासनाला पत्रक काढावं लागलं की जिथे 'दुष्काळसदृश' लिहिलं आहे तिथे 'दुष्काळ' वाचावं. तरी शब्द गेला नाही. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यानंतर १,०२१ महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) दुष्काळसदृश परिस्थिती. सवलतींची यादी दोन्हीकडे सारखीच: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषीपंपांच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमी योजनेच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि पंपाची वीजजोडणी न तोडणं. फरक पडतो तो केंद्राच्या मदतीत. केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता आहे, तिच्या कसोट्यांत बसेल तोच दुष्काळ. त्या कसोट्या म्हणजे पावसाची तूट, पावसातला खंड, जमिनीतला ओलावा, भूजल, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई. सगळी मापं कोरडेपणाची आहेत. ओला दुष्काळ त्यात बसायला जागाच नाही.

२०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी हेच सांगितलं होतं, की संहितेत ओला दुष्काळ अशी संज्ञा नाही, पण दुष्काळात देतो त्या सवलती देऊ. नंतर ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं. म्हणजे वस्तू मान्य केली, नाव नाही. कागद बघितला तर ते बरोबर होतं. पण नियम बदलता येतो. 'सततचा पाऊस' हे नाव तरी कुठे होतं? राज्याने २०२३ मध्ये ते आपत्तींच्या यादीत घेतलं. त्याच्या आधी एका दिवसात मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तर अतिवृष्टी, नाहीतर काही नाही. रोज थोडा थोडा पडून महिनाभर वापसा येऊ दिला नाही, मुळं सडली, तरी पंचनामा कशाखाली करायचा हा आम्हाला प्रश्न पडायचा. मी स्वतः बांधावर उभं राहून शेतकऱ्याला सांगितलं आहे, की बाबा, तुझं नुकसान दिसतंय पण पर्जन्यमापकात दिसत नाही. त्याचं तोंड अजून आठवतं.

प्रतिसाद (नाशिकहून)

थोडं बाजूचं आहे, पण याच चर्चेतलं. 'हवामान बदल' म्हणावं की 'वातावरणीय बदल'? राज्याच्या खात्याचं नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' आहे, वर्तमानपत्रं 'हवामान बदल' लिहितात.

प्रतिसाद (परांड्याहून)

'हवामान बदल' बरा, लोकांच्या कानाला ओळखीचा आहे. अडचण एवढीच की उद्याच्या पावसालाही आपण हवामानच म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. त्यामुळे "हवामान तर रोजच बदलतं" असं कुणी म्हटलं की उत्तर लांबतं. पण वातावरण हा शब्द घरातलं, निवडणुकीचं, सगळंच वातावरण झाला आहे, तो आणखी सैल. माझ्या बोलण्यात मी 'पाऊसमान बदललं' म्हणतो. पाऊसमान हा शेतकऱ्याचा शब्द आहे, त्यात एका दिवसाचा पाऊस येत नाही, सगळ्या हंगामाचा येतो. जूनचा पाऊस सप्टेंबरात आणि महिन्याचा दोन रात्रींत, हे त्यात नीट बसतं. उन्हाळा मात्र त्यात येत नाही, ही उणीव मान्य.

विचारणा करणारी (पुण्याहून)

सगळ्यांचे आभार. मंडळ अधिकारी काका, तुमचं 'वस्तू मान्य केली, नाव नाही' हे वरिष्ठांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, लोकांच्या तोंडचं वाक्य असेल तिथे 'ओला दुष्काळ' ठेवू, सरकारी निर्णय असेल तिथे 'अतिवृष्टी'. एवढं पुरेसं आहे का? आणि वापसा याला सोपा पर्यायी शब्द सुचेल का? शहरातल्या वाचकाला तो कळत नाही.

प्रतिसाद (परांड्याहून)

वाक्य कुणाचं ते बघून शब्द ठेवणं योग्यच आहे. वापसा मात्र बदलू नका, ताई. पाऊस उघडल्यावर जमीन निथळते, चालताना पायाला चिखल चिकटत नाही, पण मूठभर माती दाबली तर ढेकूळ बनतं. हवा आणि ओल दोन्ही मातीत असतात. पेरायला, कोळपायला हीच वेळ. एवढी सगळी अवस्था त्या एका शब्दात आहे. एकदा बातमीत समजावून सांगा, पुढच्या वेळी वाचकाला तो येईल. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी झाली तरी वापसा आला नव्हता आणि ज्वारीची पेरणी लांबली, हे लिहायला दुसरा शब्द मला तरी सापडत नाही.